किल्ली एका रात्रीपुरती

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या एकाच घरात आम्ही पुन्हा पुन्हा राहायला गेलो. तोच वरचा मजला, तोच जिना, न्हाणीघराची तीच न लागणारी कडी. दर अकरा महिन्यांनी घर सोडायचं, एक रात्र बाहेर काढायची आणि दुसऱ्या दिवशी नवे भाडेकरू म्हणून परत त्याच घरात शिरायचं. आमच्या घरमालकीणबाई याला खंड म्हणायच्या. पहिले दोन खंड हसण्यावारी गेले. तिसऱ्याने माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

नवरा धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. कंपनीची बस पुलाजवळ थांबते म्हणून आम्ही रोह्यात न शोधता अष्टमीत जागा बघितली. घराचा मालक कतारला. खाली त्याची आई एकटी राहायची. अख्खी आळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, आम्हीही तेच म्हणायला लागलो. करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर, सह्या दोघांच्या, पण नोंदणी नाही. नोंदणीचं नाव काढलं की खालाच्या कपाळाला आठ्या पडत. तिची ठाम समजूत होती की नोंदणी केली की भाडेकरूचं नाव सरकारात चढतं आणि एकदा चढलं की उतरत नाही.

ही भीती तिला उगाच नव्हती. तिच्या नवऱ्याने बाजारपेठेतल्या दोन खोल्या एका ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर राहायला दिल्या आणि स्वतः कुवेतला गेला. परत आला तर तो माणूस खोल्या सोडेना. कोर्टात तारखा पडत राहिल्या. खालाचा नवरा त्या तारखांतच म्हातारा झाला आणि गेला, भाडेकरू मात्र आहे तिथेच आहे. मी एकदा तिला म्हटलं, "खाला, आम्ही काय तसले वाटतो का तुम्हाला?" ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नाय गो, तू चांगली हायस. तो पन चांगलाच व्हता."

म्हणून आम्ही खंड पाळायचो. पिंपातलं पाणी ओतून द्यायचं, गॅस बंद करायचा, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पिशवीत घ्यायचा. मग मी कुलूप लावून किल्ली खालाच्या हातात ठेवायची. साक्षीदार म्हणून तिचा जावई हजर असायचा. रोह्यात जागा मिळवून द्यायचं त्याचं काम, त्यामुळे कागदपत्रांतलं त्यालाच कळतं असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आम्ही ती रात्र पेणला माझ्या माहेरी काढायचो. दुसऱ्या दिवशी पोह्याचे पापड घेऊन परतलो की खाला किल्लीबरोबर खजूर हातावर ठेवायची आणि "या, नवी मानसं या" म्हणायची. जावईही हसायचा.

त्या वर्षी खंड जवळ आला तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. पेणच्या खारेपाटातल्या गावी अंगणात पडून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आणि दिराने त्यांना आमच्या दारात आणून सोडून हात झटकले. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना वर चढवलं होतं. कूस बदलायची तरी माणूस लागायचं. अशा बाईला एका रात्रीसाठी उचलून कुठे न्यायचं? माहेरी तर पाय ठेवायला जागा नव्हती. माझा भाऊ गणपतींच्या कारखान्यात कामाला. गणपती जवळ आलेले, आणि त्या दिवसांत त्याच्या दोन खोल्यांत पलंगाखालीसुद्धा मूर्ती वाळत असतात, आणि माणसं भिंतीला पाठ लावून निजतात.

मी खालाला म्हटलं, "या वर्षी राहू द्या ना खंड." तिने कतारला फोन लावला. मुलगा म्हणाला, नियम म्हणजे नियम, एकदा सोडला की गेला. मला असा संताप आला! हजार कोसांवरून हा माणूस माझ्या सासूचा मोडलेला खुबा हलवायला सांगतोय. मी जिन्यात भांडीच आपटली. खालाला ते ऐकू गेलं असणार, कारण संध्याकाळी ती जिन्याखाली येऊन म्हणाली, "म्हातारीला माझ्या पलंगावर आन. खाली माजं घर, वर तुजं. वरचं सुटलं म्हंजे खंड झाला."

तोडगा बरा होता. नवऱ्याने आणि शेजारच्या दोघांनी सासूबाईंना खुर्चीसकट खाली उतरवलं. मी वर कुलूप घातलं आणि जावयाच्या समोर किल्ली खालाच्या हातात दिली. नवरा रात्रपाळीला गेला. मी खालाकडेच चटई टाकली. त्या दोघी म्हाताऱ्यांचं इतकं जमलं की मला मध्ये बोलायला वावच राहिला नाही. सासूबाईंचं लहानपण मिठागरात गेलेलं, खालाचे वडील मीठ गलबतात भरून न्यायचे. कुठल्या खाडीला किती पाणी यायचं यावर त्यांचा वाद रंगला. मी बऱ्याच दिवसांनी निश्चिंत झोपले.

सकाळी खालाने किल्ली आणि खजूर दिले. मी वर गेले. आमचं कुलूप होतं तसं होतं. त्याच्या वरच्या कडीला दुसरं, नवं कोरं, मुठीएवढं कुलूप लटकत होतं.

आधी वाटलं खालानेच लावलं असेल, विसरली असेल. खाली येऊन विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मी जावयाला फोन केला. तो अगदी शांतपणे बोलला, जणू माझ्याच भल्याचं सांगतोय. "वहिनी, काल किल्ली दिलीत ना? मुदत पन संपली. मग विषय मिटला. दुपारी पार्टी येतेय, कंपनीच्या ठेकेदाराची मानसं हायेत. तुमचं सामान आमी नीट पडवीत उतरवून देतो."

"अहो पण हा खंड होता!"

"कागदावर कुठं लिवलंय खंड म्हनून?"

कागदावर खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. वर आमचा सगळा संसार, सासूबाईंचं वॉकर, औषधांचा डबा, आणि खाली दुसऱ्याच्या पलंगावर एक न हलणारी बाई. हिला घेऊन मी संध्याकाळी कुठे जाणार, या एकाच प्रश्नाने माझं डोकं भणभणायला लागलं.

नवरा रात्रपाळीवरून आला तो तसाच पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याला सांगितलं की करार संपलेला दिसतो, हे दिवाणी प्रकरण आहे, वकील गाठा. तो परत आला आणि जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला. मी त्याला म्हटलं, "इथून हलू नका. कुणी कुलपाला हात लावला तर मला फोन करा." आणि पेणची एसटी पकडली.

पेणला माझी शाळेतली मैत्रीण वकिली करते. कोर्टाच्या आवारात गाठून तिला सगळं सांगितलं. खंडाचं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"तुमच्या या खंडाला कायद्यात काडीची किंमत नाही," ती म्हणाली. "पाडा नाहीतर पाडू नका. लोकांना वाटतं अकरा महिने आणि एक रात्र केली की भाडेकरूचा हक्क तुटतो. आणि ज्याला घाबरतात ती नोंदणीच खरं तर मालकाला सांभाळते. नोंदलेला करार असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला वेगळा अधिकारी नेमलेला असतो, तिथे मालकाचं काम लवकर होतं. त्या बाईने उगाच इतकी वर्षं जीव टांगून ठेवला."

"त्यांचं राहू दे. माझं काय?"

"तुझं असं की करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने नोंदवला नाही, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. खोटं ठरवायचं तर मालकाने पुरावा द्यायचा. आणि मुदत संपली म्हणून मनाला येईल तेव्हा कुलूप ठोकून कुणाला बाहेर काढता येत नाही. रीतसर हुकूम लागतो."

मी उठायलाच लागले. तेवढ्यात तिने विचारलं, "किल्ली त्यांनी हिसकावून घेतली का?"

"नाही. मी दिली."

"आपल्या हाताने?"

"हो. दर वर्षी देतो."

"तिथेच घोळ आहे. तो म्हणणार, बाईने स्वखुशीने जागा सोडली, ताबा दिला. जबरदस्ती झालीच नाही. साक्षीदार कोण होतं?"

"तोच. जावई."

"आणखी?"

"खाला."

"मग मी नोटीस देते, पोलिसांत लेखी तक्रारही करू, पण त्याला दिवस लागतील. आज दुपारी सामान वाचवायचं असेल तर ती खाला काय बोलते त्यावर आहे. किल्ली एका रात्रीपुरती घेतली होती, एवढं तिने चारचौघांत म्हटलं तर त्याची कुलपाला हात लावायची हिंमत व्हायची नाही. म्हणेल ती?"

जावयासमोर खाला डोक्यावरची ओढणीसुद्धा सारखी करत नाही, इतकी जपून वागते. मुलगी त्याच्या घरात आहे ना तिची. आणि मुलगा कतारला. या दोघांच्या विरुद्ध ती माझ्यासाठी, वरच्या भाडेकरणीसाठी, का बोलेल?

परतीला रोह्याची रेल्वे मिळाली. नागोठणं गेलं, निडीला थांबली ती थांबलीच. मालगाडी पुढे जायची होती. मी दारात उभी राहून त्या मोकळ्या फलाटाला मनात शिव्या घालत होते. नवऱ्याचा फोन आला. "टेंपो आलाय. दोन माणसं आहेत. जावई आपलं कुलूप फोडतोय."

"आडवे पडा जिन्यात!"

"मी उभा आहे. पण मारामारी करू का?"

"करू नका. खाला कुठे आहे?"

"आत. बोलत नाही काही."

मालगाडी एकदाची गेली. रोह्याहून रिक्षाने पूल ओलांडला. दारात टेंपो, वर दार सताड उघडं, जिन्यात नवरा दोन्ही हात कठड्यांना लावून उभा, आणि त्याच्या मागे त्या दोघांनी आमचं कपाट आडवं धरलेलं. आळीतली माणसं ओट्यांवर येऊन बघत होती. मी कुणाकडे न बघता सरळ खालाच्या खोलीत शिरले.

सासूबाई पलंगावर. शेजारी खाला मान खाली घालून बसलेली. माझ्या मागोमाग जावई आला. त्याला आधी माझ्याशी नाही, सासूबाईंशीच बोलायचं होतं. "आजी, तुमाला पन उठवायला लागेल. खालाची जागा हाय ही."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. घाबरलेल्या नव्हत्या त्या. "मी नाय उठाची बाबा. मला उठता येत असतं तर तुला सकालीच येवन कानाखाली दिली नसती?"

बाहेर कुणीतरी हसलं. जावई चिडला. मी त्याला ओलांडून खालासमोर बसले. चांगलं बोलायचं ठरवून आले होते, पण आवाज चढलाच. "खाला, तुम्ही सांगा. काल किल्ली कशासाठी घेतली होती? घर सोडवायला, की खंडासाठी?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"खाला, एवढंच सांगा. दुसरं काही मागत नाही मी."

जावयाने फोन कतारला लावून तिच्यासमोर धरला. पडद्यावर मुलगा, डोक्यावर कामावरची टोपी. "अम्मी, तू यात पडू नको. तुला यातलं कळत नाय. ते बघतायत ना, बघू दे त्यांना."

"पन ही म्हातारी..." खाला कशीबशी म्हणाली.

"म्हातारी त्यांची हाय, आपली नाय."

मग जावई बोलला. तो बोलला नसता तर आमचं सामान त्या दिवशी पडवीत उतरलंच असतं, असं मला आजही वाटतं. "खाला, तुमी मध्ये बोलूच नका. घर भाईच्या नावावर हाय. वर कुनाला ठेवायचं नि खाली कुनाला ठेवायचं, सगळं भाईच ठरवनार."

खालाने मान वर केली. फोनमधल्या मुलाकडे पाहिलं. तो काही बोलेल म्हणून ती थांबली होती, हे मला स्पष्ट दिसलं. असं कसं म्हणता, आई आहे माझी, इतकं तरी तो म्हणेल. तो म्हणाला, "हां, तेच. मी ठरवतो सगळं. तू आराम कर."

आता ती रडेल आणि आत निघून जाईल, मग संपलंच, असं मला वाटलं. ती उठली. पण आत गेली नाही, दारात गेली. ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "किल्ली मी एका रातीसाठी घेतली व्हती. माज्या हातानं. खंड हाय म्हनून. सकाळी मीच परत दिली. हिनं घर सोडलेलं नाय. कुनी इचारलं तर पोलिसात पन हेच सांगेन."

"अम्मी!" फोनमधून आवाज आला.

"खोटं बोलायला लावू नको मला. तुज्या बापाच्या खोल्या असल्याच खोट्यात गेल्या."

त्या दोन माणसांनी कपाट आपणहून खाली ठेवलं. त्यांना कुणाच्या भांडणात पडायचं नव्हतं. जावई आणखी थोडा वेळ तावातावाने बोलला, मग वरचं कुलूप खिशात घालून निघून गेला. जाताना खालाला म्हणाला, "मुलीच्या घरी येऊ नका आता." तो हे खरं करेल हे तिला ठाऊक होतं, आणि पुढे कितीतरी महिने त्याने ते खरं केलंही. माझ्या मनातला आनंद तिथेच विझला. मी तिचे हात धरले तर ती म्हणाली, "सोड. म्हातारीला च्या दे आधी."

सासूबाई वॉकर धरून चालायला लागल्या तेव्हा खालाचा मुलगा कतारहून सुटीवर आला. माझ्याशी तो आधी बोलतच नव्हता. पण मैत्रिणीने सांगितलेलं मी त्याला धरून बसवून समजावलं. खंडाने तुमचं काही वाचत नाही, नोंदणीने वाचतं. आमची मुदत भरली आणि आम्ही हललो नाही तर हाच कागद घेऊन तुम्ही अधिकाऱ्याकडे जाऊ शकता. आम्हालाही खात्री राहते, मुदतीपर्यंत कुणी बाहेर काढणार नाही आणि पुढेही मध्येच कुलूप लागणार नाही. तो हिशोबी माणूस, त्याला पटलं.

नोंदणी करणारा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. खालाच्या खोलीत बसलो सगळे. मुलाने अंगठा लावला, नवऱ्याने लावला, मी लावला. फोटो काढले. दोन साक्षीदारांचंही झालं. तो माणूस वायर गुंडाळायला लागला तशी खाला पुढे सरकली आणि आपला अंगठा पुढे केला.

"माजा पन घे."

"तुमचा नको आजी, तुम्ही साक्षीदार नाही."

"साक्षीदार म्हनून नाय. करार कर माजा. अकरा महिन्यांचा असला तरी चालंल."

मुलगा हसला. "अम्मी, तुला कशाला करार? तू घरची हायस."

"म्हनूनच," ती म्हणाली. "हिला काडायचं तर हुकूम लागतो म्हनतात. मला काडायला काय लागतं?"

मुलाचं हसू ओसरलं. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू हे मीच तिला शिकवलं. मी काही शिकवलं नव्हतं. नोंदणीवाल्याने यंत्र पिशवीत घातलं नाही, बाहेर काढूनही ठेवलं नाही, नुसतं हातात धरून बसला. आणि खाला अंगठा पुढे करून तशीच बसून राहिली, मुलगा काय बोलतो त्याची वाट बघत.